धावड्याला ऐकलेले भारूड

धावड्याला जायचे ते भारूड ऐकायला. दुसरे काही काम नव्हते. जालना जिल्ह्याच्या नकाशात हे गाव अगदी वरच्या कडेला सापडते, भोकरदन तालुक्यात. उत्तरेला अजिंठ्याची डोंगररांग आणि ती उतरली की खानदेश, पूर्वेला बुलडाणा जिल्हा, पश्चिमेला सिल्लोड तालुका. मराठवाडा, वऱ्हाड आणि खानदेश इथे एकमेकांच्या बांधाला बांध लावून आहेत, आणि तिन्हीकडची बोली, तिन्हीकडची भाकरी, तिन्हीकडचे गाणे या गावांत मिसळले आहे. भारुडासाठी हा पट्टा जुन्या काळापासून नावाजलेला. ‘बुरगुंडा’ हे भारूड ज्यांच्यामुळे महाराष्ट्रभर पोहोचले ते निरंजन भाकरे सिल्लोड तालुक्यातल्या रहिमाबादचे. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाने ते गेले. ते गेल्यावर या भागातले भारूड आता संपले, असे शहरातले लोक बोलू लागले, आणि मला ते पटत नव्हते. एक माणूस कितीही मोठा असला तरी भारूड एकट्याचे कधीच नव्हते. सिल्लोडजवळच्या एका मैत्रिणीचा फोन आला, “सप्ताहाचा काला झाला की संध्याकाळी धावड्यात सोंगी भारूड आहे, मग गोंधळ. येतेस?” मी पिशवी भरली.

पौष सरत आला होता. छत्रपती संभाजीनगरहून सकाळच्या एसटीने सिल्लोड गाठले. पुढे मैत्रिणीच्या दिराची जीप होती. गोळेगावपर्यंत जळगावचा हमरस्ता, तिथून उजवीकडे वळलो की गाड्यांची गर्दी एकदम मागे पडते. दोन्ही बाजूंना काळी जमीन, शाळू पोटरीत आलेला, हरभऱ्याला घाटे धरलेले, मधूनमधून कापसाच्या शेवटच्या वेचणीची पांढरी बोंडे. हा मिरचीचा मुलूख आहे. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारातून हिरवी मिरची ट्रक भरभरून दूरच्या बाजारपेठांत जाते. पण ती पावसाळ्यातली धामधूम. पौषात ती शेते नांगरून मोकळी पडलेली होती.

वाटेत अन्व्याला थांबायचे मीच सांगितले होते. तिथल्या देवळाला गावात ‘मढ’ म्हणतात. बाराव्या शतकातले, यादवांच्या काळातले हे बांधकाम. आज गाभाऱ्यात महादेवाची पिंड आहे, पण बाहेरच्या भिंतीवर जे कोरले आहे ते महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी पाहायला मिळते. हातांत शंख, चक्र, गदा, पद्म, आणि देह स्त्रीचा. विष्णूच्या शक्ती बाईच्या रूपात, एकीशेजारी एक उभ्या केलेल्या. आयुधांचा क्रम बदलतो तसे नाव बदलते. आठशे वर्षांत ऊन-पावसाने कुणाचे नाक झिजले, कुणाचा हात तुटला, तरी कमरेचा बाक आणि पावलांची ठेवण अजून जागेवर आहे. जोत्याभोवती फिरताना मैत्रीण म्हणाली, “रात्री पुरुष बाईचं सोंग घेणार, आणि इथे देवच बाई होऊन उभा आहे.” हे तिचे बोलणे संध्याकाळभर माझ्या डोक्यात राहिले.

धावड्यात पोहोचलो तेव्हा काल्याच्या प्रसादाच्या शेवटच्या पंगती उठत होत्या. वरण-बट्टी, वांग्याची भाजी, बुंदी. बट्ट्या चुरून त्यावर वाढप्याने तूप घातले आणि पानाच्या कडेला ठेच्याची बोटभर रेघ ओढली. हा ठेचा जपून खावा लागतो. मिरची इथलीच आहे आणि ती पाहुण्याची गय करत नाही. जेवून उठलो आणि कार्यक्रमाची जागा पाहायला गेलो. मारुतीच्या पारासमोर मोठी मोकळी जागा. ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या एकमेकींना लावून त्यावर फळ्या टाकल्या होत्या, वर मंडप नाही, मागे फ्लेक्स. समोर सतरंज्या. एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला बापे, मध्ये दोरी. गावोगावच्या सप्ताहात असते तशीच मांडणी.

कार्यक्रमाच्या आधीचा तास मला मुख्य कार्यक्रमाइतकाच प्रिय आहे. शाळेच्या व्हरांड्यात पथकाची मंडळी बसली होती. पखवाजवाला परातीत कणीक मळत होता. ओली कणीक पखवाजाच्या डाव्या पुडीवर मधोमध थापली की धुमेचा आवाज खाली उतरतो, त्याला खोली येते. थोडी कणीक लावायची, थाप मारून पाहायची, चिमूटभर काढायची, परत थाप. मग दुसऱ्या हाताने लाकडी गठ्ठ्यावर हातोडीचा हलका ठोका देऊन शाईच्या पुडीचा सूर पेटीशी जुळवायचा. थंडीने चामड्याचा सूर हलतो, म्हणून त्याने पखवाज मांडीवर आडवा धरून घोंगडीखाली ऊबेला ठेवला होता. कणकेचा उरलेला गोळा त्याने ओल्या फडक्यात बांधून खिशात ठेवला. रात्री वाळलेली कणीक बदलावी लागते, ती कार्यक्रमाच्या मध्येच, कुणाला न कळता. हे सगळे तो एक शब्द न बोलता करत होता आणि शेजारी बसलेला त्याचा दहा-बारा वर्षांचा मुलगा न सांगता एकेक वस्तू पुढे करत होता.

भारूड या प्रकाराविषयी दोन गोष्टी सांगायला हव्यात, कारण पुढचे त्यावर उभे आहे. भारुडे ज्ञानेश्वरांनी लिहिली, नामदेव-तुकारामांनी लिहिली. पण या प्रकाराला घर मिळवून दिले ते पैठणच्या एकनाथ महाराजांनी, सोळाव्या शतकात. त्यांची भारुडे तीनशेच्या आसपास आहेत. वासुदेव, जोशी, गोंधळी, भुत्या, वाघ्या-मुरळी, गारुडी, फकीर, आंधळा, बहिरा, मुका, विंचू चावलेला, नवऱ्याला वैतागलेली. गावात जो जो दिसतो तो तो त्यांनी भारुडात आणून उभा केला आणि त्याच्याच तोंडून परमार्थ बोलवला. अभ्यासक भजनी, सोंगी आणि कूट असे तीन प्रकार मानतात. धावड्यातले सोंगी. म्हणजे वेश घेऊन, नाचून, बोलून केलेले. पदाच्या ओळी गायच्या, मध्ये थांबून निरूपण करायचे, आणि पुन्हा ओळीवर यायचे. या येण्या-जाण्यात मुख्य भारूडकराच्या मागे उभे असतात झीलकरी. तो ओळ अर्धी सोडतो, झीलकरी ती पुरी करतात. तो दम घेतो, तेवढ्यात हे धृपद उचलून धरतात. तो बोलतो, हे मध्ये “मग काय झालं?” विचारतात. हा प्रश्न आला नाही तर निरूपणाचे भाषण होते.

आठ वाजता सुरुवात झाली. सुरुवातीलाच जे घडले त्याने माझे मन जिंकले. ध्वनिक्षेपकवाल्या पोराने माईकला भरपूर ‘एको’ लावून ठेवला होता. पहिल्या “रामकृष्ण हरी”चे तीन-तीन पडसाद पारावरून फिरून आले. भारूडकर थांबला. पन्नाशीचा, सडपातळ, डोक्याला फेटा. त्याने हाताने पखवाज थांबवला आणि माईकवरूनच शांतपणे म्हणाला, “दादा, तेवढा एको काढ. शब्द नीट गेला पाहिजे माणसापर्यंत.” पोराने थोडा कमी केला. “सगळा काढ राजा. मागं उभी आहेत ना आपली माणसं, ती करतात एको.” त्याने झीलकऱ्यांकडे बोट केले. पुढचे सगळे गाणे कोरडे, स्वच्छ, शब्द न् शब्द ऐकू येईल असे झाले.

माझ्या मते गेल्या पंचवीस वर्षांत उघड्यावरच्या लोकसंगीताचे सर्वांत मोठे नुकसान या एका बटणाने केले आहे. शास्त्रीय गायनात सूर गुंजला तर चालून जाते. लावणीत ढोलकी वाजली की शब्द थोडा मागे पडला तरी बैठक टिकते. भारुडात मात्र शब्दच सगळे आहे, कारण त्याला दोन अर्थ आहेत. पहिला अर्थ कानात नीट शिरला नाही तर दुसरा शिरायला वाट राहत नाही. आणि यंत्राने पडसाद दिला की झीलकऱ्याचे कामच उरत नाही. तो मागे उभा राहून टाळ वाजवत राहतो, पुढच्या वर्षी त्याला कुणी बोलावत नाही, आणि पथक चारावरून दोनावर येते. मी असे पथक विरत गेलेले पाहिले आहे.

त्या पोराचेही कौतुक केले पाहिजे. गावातलाच होता, विशीतला. सांगितल्यावर त्याने खळखळ केली नाही, उलट टाळांचा माईक थोडा मागे घेतला, पेटीचा आवाज उतरवला आणि नंतर रात्रभर मान पुढे काढून ऐकत बसला.

आधी ‘विंचू’ झाले. ते सर्वांना पाठ असते, म्हणून सुरुवातीला घेतात; बैठक गरम होते. विंचू चावलेल्याचे तडफडणे भारूडकराने फळ्यांवर केलेच नाही, तो खाली उतरला. “वर काय, खाली काय,” म्हणत सतरंजीच्या पुढच्या कडेला, पोराटोरांच्या मधोमध त्याने लोळण घेतली. पोरे खिदळून मागे सरली, पुन्हा पुढे आली. मग तो तसाच बसून बोलू लागला की विंचू म्हणजे काम-क्रोध, आणि त्याला उतारा सत्त्वगुणाचा. चारशे वर्षांपूर्वी नाथांनी बांधलेला हा अर्थ. पण तो उठून फळ्यांवर परत गेला नाही, त्यामुळे ते कीर्तनकाराचे सांगणे न वाटता शेजाऱ्याचे वाटले. कार्यक्रम संपेपर्यंत तो जमिनीवरच राहिला. फळ्यांवर राहिले फक्त गावातले मानकरी आणि सत्काराच्या शाली.

खरे भारूड ‘दादला’चे झाले. नवरा नको म्हणणाऱ्या बाईचे हे भारूड. त्यासाठी लागणारा वेश त्याने सगळ्यांसमोर घेतला. पिशवीतून हिरवे लुगडे काढले, धोतरावरूनच गुंडाळले, निऱ्या चटचट घालून खोचल्या, पदर डोक्यावरून घेतला आणि अंगठ्याने कुंकू टेकवले. फेटा गुंडाळून त्याने झीलकऱ्याच्या हातात दिला. हे करताना तो लोकांशी इकडचे-तिकडचे बोलत होता. पदर डोक्यावर आला आणि बोलणे थांबले. मान किंचित वाकली, डावा खांदा खाली गेला, उजवा हात पदराच्या टोकाशी आला. आवाज त्याने बारीक केला नाही. पुरुषाचाच आवाज, फक्त थकलेला. लुगडे नेसलेला पुरुष दिसला की हसायचे ही सवय आपल्याला तमाशाच्या आणि टीव्हीच्या वाईट नकलांनी लावली आहे. त्या सवयीने बाप्यांच्या बाजूने दोन शिट्ट्या आल्या. त्याने तिकडे पाहिलेही नाही. शिट्ट्या पुन्हा आल्या नाहीत.

मी बायांमध्ये बसले होते. माझ्या शेजारी एक आजी, सत्तरी ओलांडलेली, घोंगडी पांघरून, मांडीवर पणती झोपलेली. मघाशी त्यांनी विचारून घेतले होते. “कुठून आलीस गं माय?” मी सांगितले. “इतक्या लांबून? सोंगासाठी?” हो म्हटले. त्या थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिल्या आणि घोंगडीचा अर्धा भाग माझ्या गुडघ्यांवर टाकला.

‘दादला’तली बाई आपले गाऱ्हाणे सांगते. घर पडायला आलेले, अंगावर धड वस्त्र नाही, ताटात कोरडे अन्न. प्रत्येक गाऱ्हाण्यानंतर नवरा नको, हे पालुपद. झीलकऱ्यांनी ते एकदा उचलले, दुसऱ्यांदा उचलले. तिसऱ्यांदा ते बायांच्या बाजूने आले. आधी चार-दोन आवाज, मग सतरंजीवरून सतरंजीवर पसरत गेले. शेजारच्या आजी डोळे मिटून, पणतीच्या पाठीवर थोपटत, तालात, प्रत्येक शब्द म्हणत होत्या. पुढे बसलेल्या सुना पदर तोंडाला लावून हसत होत्या. हसणे मजेचे होते आणि त्यात दुसरेही काही होते; सासू शेजारी बसलेली असताना, नवरा दोरीच्या पलीकडे असताना, “नको” हा शब्द मोठ्याने म्हणायला मिळण्याची संधी वर्षातून कितीदा येते?

आणि इथे या भारूडकराचे मोठेपण दिसले. निरूपणात सांगतात ते असे की घर म्हणजे देह, नवरा म्हणजे देहाला चिकटलेला अहंकार, आणि बाईला त्याच्यापासून सुटून देवाशी एकरूप व्हायचे आहे. हा अर्थ नाथांचाच आहे, खरा आहे. पण अनेक भारूडकर तो घाईने सांगून टाकतात. बाईचे गाऱ्हाणे पुरते मांडून व्हायच्या आत “माउलींनो, हे घर म्हणजे आपलं शरीर बरं का” असे म्हणून तिच्या तोंडावर हात ठेवतात. याने तसे केले नाही. घराला घर राहू दिले. छप्पर गळते म्हणजे काय, ते पावसाळ्यातल्या रात्री भांडी मांडून दाखवले. एक भांडे इथे, एक तिथे, एक लेकराच्या उशाशी. बाजाराच्या दिवशी नवरा पैसे कुठे टाकून येतो तेही सांगितले, आणि गावातल्या दारूबद्दल बोलताना समोर बसलेल्या कुणाकडे बोट न करता सगळ्यांकडे पाहिले. मागच्या म्हाताऱ्या झीलकऱ्याने विचारले, “मग तू सांगितलं नाही का बाई त्याला?” “कुणाला सांगू?” एवढेच उत्तर. मग बराच वेळ नुसती पेटी.

त्यानंतर त्याने देहाचा अर्थ सांगितला, आणि तो मनाला भिडला, कारण तोवर घर पडताना सगळ्यांनी पाहिले होते. पहिला अर्थ पोटभर ऐकू दिला तर दुसरा आपोआप उतरतो. नाथांना लोकांच्या बोलीत, लोकांच्या सोंगात परमार्थ सांगावासा वाटला, तो त्या बोलीवर आणि त्या सोंगावर प्रेम होते म्हणून. गोंधळ्याला, भुत्याला, वैतागलेल्या बाईला त्यांनी नुसते निमित्त म्हणून वापरले असते तर ही भारुडे त्यांच्या हयातीतच विरून गेली असती.

दहा वाजायला आले तसे ध्वनिक्षेपकवाल्या पोराने घड्याळ दाखवले. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत. रात्री दहाला भोंगे बंद. भारूडकराने ते आनंदाने मानले. लुगडे उतरवले, फेटा परत बांधला, ‘जोगवा’चे एक पद म्हणून हात जोडले. माईक बंद झाला, दिवे राहिले. निम्मी माणसे उठून गेली. सकाळी शेतात पाणी द्यायचे होते, पोरांच्या शाळा होत्या. उरलेली पुढे सरकली. दोरी कुणी काढली ते मला दिसले नाही, पण बाया आणि बापे आता एकाच घोळक्यात बसले.

गोंधळ्यांना माईक लागतच नाही. संबळ हे वाद्यच उघड्यावरच्या रात्रीसाठी घडवलेले आहे. कमरेला पट्ट्याने बांधलेली जोडी, दोन्ही हातांत काड्या; एक सरळ, दुसरीचे टोक वाकवलेले. वाकडी काडी मोठ्या तोंडावर घासत पडते आणि घुमारा काढते, सरळ काडी लहान तोंडावर तडतडते. शेजारी तुणतुण्याची एकच तार, तिला एकच सूर, पण तो सूर सुटला तर संबळ पोरके होते. दिवटी पेटली. तुळजापूरच्या भवानीला, माहूरच्या रेणुकेला बोलावणे झाले. मग जवळच्या पिंपळगावची रेणुकाई, आणि तिचे नाव येताच बसल्या जागी सगळ्यांचे हात जोडले गेले. लांबच्या देवीला मान आणि जवळच्या देवीला हाक, असा तो फरक होता.

उत्तररंगात आख्यान लावायचे असते. त्यांनी जांभूळ आख्यान लावले. हे आख्यान परभणीच्या राजारामभाऊ कदमांनी आयुष्यभर गाइले आणि शाहीर विठ्ठल उमपांनी ते रंगमंचावर नेऊन शहरांना ऐकवले. द्रौपदीचे मन कर्णाकडे ओढ घेते, ही त्याची गोष्ट. पाच नवरे असलेल्या राणीच्या मनात सहाव्याचा विचार येतो, कृष्णाला तो कळतो, आणि वनात झाडावरून खुडलेले जांभूळ परत देठाला लावण्यासाठी प्रत्येकाला मनातले खरे बोलावे लागते. पाची पांडव बोलतात, फळ वर चढते. द्रौपदी लपवते, तोवर ते देठाला लागत नाही. व्यासांच्या भारतात ही गोष्ट नाही. ती गोंधळ्यांच्या भारतात आहे, रात्री अकरा वाजता दिवटीच्या उजेडात सांगितली जाणारी.

तो खरे बोलण्याचा क्षण आला तेव्हा संबळ थांबले होते, नुसते तुणतुणे चालू होते. गोंधळ्याने द्रौपदीची कबुली अगदी सरळ आवाजात म्हटली. ना लाज, ना फुशारकी. शेजारच्या आजींनी माझ्या हातावर हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, “खरं बोलली बाई.” मला अन्व्याच्या भिंतीवरच्या त्या शंखचक्रधारी बाया आठवल्या. या मुलखाने बाईचे रूप देवाला दिले, बाईचे गाऱ्हाणे संताच्या तोंडी घातले आणि बाईच्या मनातली सर्वांत अवघड गोष्ट गोंधळ्याच्या कवड्यांच्या माळेत ओवून ठेवली. हे सगळे पुरुषांनी केले, पुरुषांनी गाइले, हे खरेच आहे. पण ऐकून ते जिवंत ठेवले बायांनी. सतरंजीच्या त्या अर्ध्या भागावर बसून, पिढ्यान्‌पिढ्या, धृपद धरून.

साडेबाराच्या सुमाराला शाळेच्या व्हरांड्यात चहा झाला. पथकातल्या त्या म्हाताऱ्या झीलकऱ्याशेजारी जाऊन बसले. “दादा, किती वर्षं झील धरता?” “पोरसवदा होतो तेव्हापासून. आधी बापामागं, मग याच्या बापामागं, आता याच्यामागं.” राज्य शासन ज्येष्ठ कलावंतांना मानधन देते, २०२४ पासून ते महिन्याला ५,००० रुपये झाले आहे. अर्ज केला का, असे मी विचारले. “केला होता. पुरावा मागतात ना ताई. कार्यक्रमाची पत्रिका, पेपरातलं कात्रण. आता पत्रिकेवर नाव असतं त्याचं,” त्याने भारूडकराकडे पाहून मान हलवली, “आणि संच. मी त्या ‘संचा’त आहे. माझं नाव कधी छापलंच नाही, तर पुरावा कुठून आणू?” तक्रारीचा सूर नव्हता. भारूडकर जवळच बसला होता. तो म्हणाला, “मी सांगतो मंडळींना. ते म्हणतात जागा पुरत नाही फ्लेक्सवर.” त्या रात्रीच्या फ्लेक्सवर फोटो मी मोजले नाहीत, पण ते पुष्कळ होते.

सकाळी जालन्याची एसटी धरायला भोकरदनला आले. केळणा नदीकाठचे हे गाव म्हणजे सातवाहनकाळातले भोगवर्धन. १९७३ मध्ये शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी इथे उत्खनन केले तेव्हा हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. इटलीतल्या पाँपेईच्या राखेत मिळालेल्या प्रसिद्ध भारतीय मूर्तीशी तिचे इतके साम्य की अभ्यासक दोघींचा उल्लेख एकत्र करतात. पण मला त्या सकाळी दुसरीच गोष्ट जास्त मोलाची वाटली. मध्य भारतातल्या सांची आणि भारहूतच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत, आणि त्यांत भोगवर्धनाहून आलेली माणसे आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी कुणी एक दगड दिला, त्या दगडावर त्याचे आणि त्याच्या गावाचे नाव राहिले. ते नाव कोरायला जागा पुरली होती.

म्हणून सप्ताह कमिट्यांना, यात्रा कमिट्यांना, शहरातल्या लोककला महोत्सवांच्या आयोजकांना माझी हात जोडून विनंती आहे. भारूड ठेवाल तेव्हा एको बंद ठेवा आणि भारूडकराला जमिनीवर उतरू द्या. आणि पत्रिकेवर ‘संच’ हा शब्द छापू नका. पेटीवाला, पखवाजवाला, संबळ वाजवणारा, तुणतुणे धरणारा, झील धरणारा, प्रत्येकाचे पूर्ण नाव आणि गाव छापा, कार्यक्रमाच्या तारखेसकट. त्या कागदाची एकेक प्रत त्यांच्या हातात द्या. त्यांना अर्जाला जोडायला तोच पुरावा लागतो.